ट्राउट फक्त ताटातला नव्हे

संपादक महोदय,
हिमाचलातील तीर्थन खोऱ्यावरचा आपला लेख वाचला. ट्राउटचा उल्लेख फक्त तळलेल्या माशापुरता आला, याचं वाईट वाटलं. गेली ९ वर्षं मी सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे परवाना काढून गळ टाकतो. पाऊस सरला की काठच्या गवतातले नाकतोडे वाऱ्यानं पाण्यात पडतात आणि ट्राउट अगदी काठाला दबा धरतो. आमिष म्हणून फोमचा, रबरी पायांचा तरंगता नकली नाकतोडा तिथे अलगद नव्हे, ‘टप्प’ आवाज करत पडू द्यावा! गळाचा उलटा काटा मी पकडीनं दाबून टाकतो. त्यामुळे मासा पाण्यातच सोडवता येतो. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर विणीसाठी मासेमारी बंद असते. त्या दिवसांत नदीतला ट्राउट मागू नका, ही वाचकांना कळकळीची विनंती.

– एक गळकरी, कोल्हापूर