द्राक्षमळ्यांतली वाट आणि आपल्या पाणंदी

मा. संपादक,

फ्रान्समधल्या बर्गंडी या द्राक्षांच्या डोंगराळ मुलखात १९९७ साली जिव्री ते क्लुनी हा सुमारे ४४ किलोमीटरचा मार्ग खास सायकलस्वार आणि पादचाऱ्यांसाठी खुला झाला. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून तिथे डांबरी वाट केली. मोटारींना मज्जाव. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून टेकड्यांतूनही ही वाट सौम्य चढाचीच राहिली. मुले आणि वयस्करही तिथे निवांत सायकल चालवू शकतात.

आपल्याला मात्र बर्गंडीतल्याच बोन ते सांतने या गावांमधली वाट जास्त जवळची वाटावी. पोमार, वोल्ने, मर्सो ही वाइनची गावे जोडताना ती बव्हंशी मळ्यांतल्या शेतरस्त्यांवरूनच जाते. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि सायकली एकाच वाटेवर.

बेळगाव परिसरात असे रस्ते आधीच आहेत. येळ्ळूरच्या भातशिवारातून राजहंसगडाच्या पायथ्याकडे, तसेच खानापूर तालुक्यातल्या गावागावांमधून जाणाऱ्या पाणंदी (शेतरस्ते) जोडून अशीच सायकलवाट करता येईल. जांबोटीमार्गे गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक-बसच्या कडेने सायकल चालवताना जीव मुठीत धरावा लागतो, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

यासाठी शेतकऱ्याची गुंठाभरही जमीन घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. पाणंदींवर मुरूम, ओढ्यांवर मोऱ्या आणि मराठी-कन्नड दिशाफलक एवढे काम पुरेसे आहे. जिल्हा पंचायतीने ग्रामपंचायतींना सोबत घेऊन येत्या हिवाळ्यापूर्वी येळ्ळूरपासून सुरुवात करावी.

– एक सायकलस्वार, शहापूर, बेळगाव