मशीनची डिस्क वाढवून देणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात म्हणून नुसतंच दादा लिहिते. पैसे घेतले नाहीत, गुळाची ढेप पाठवते म्हटलं तर तीही नको. वर म्हणालात, "वहिनी, दुसऱ्या कुणाचं असंच अडलं तर तेवढं सांगा." म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे झाले आणि त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी आमच्या अडत दुकानातला पट्ट्या काढायचा प्रोग्राम थांबला. पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा शेतकऱ्याला द्यायचा हिशेब. सौदा झाला, वजनं झाली, हमाली-तोलाई लिहून झाली आणि पट्टी काही सेव्ह होईना. पन्हाळ्याकडचे, राधानगरीकडचे शेतकरी बाकड्यावर बसलेले. कुणाला परतीची एसटी गाठायची, कुणाच्या गुऱ्हाळावर काहील चुलवाणावर चढलेली. मामंजी काही बोलले नाहीत, पण त्यांनी जुनं वहीबुक कपाटातून काढून टेबलावर ठेवलं, ते बघून मला फार लागलं. हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचा हट्ट माझा होता.

आमचा हिशेब व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालणाऱ्या एका उबुंटू (लिनक्स) मशीनवर असतो. बाहेरच्या विंडोजवर तीनशे जीबी मोकळे दिसत होते, आणि आतलं मशीन म्हणत होतं, जागा शिल्लक नाही. शेजारच्या गाळ्यातला मुलगा म्हणाला, मोठ्या फायली शोध आणि उडवून टाक. शोधल्या तर मायएसक्यूएलच्या, म्हणजे हिशेब साठवणाऱ्या डेटाबेसच्या, फोल्डरात एकेक जीबीच्या बिनलॉग फायलींची रांग सापडली. पुसायची कमांड टाइप करून झाली होती, फक्त एंटर राहिला होता. तेवढ्यात त्यानंच तुमचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

तुम्ही पुण्यात रात्रपाळी करून नुकते खोलीवर आला होता, आवाजावरूनच कळत होतं. तरी तुमचं पहिलं वाक्य होतं, "वहिनी, आधी कीबोर्डवरनं हात काढा." मग विचारलंत, "तुमच्या मामंजींची रोजकीर्द कुणी मधनंच फाडली तर चालंल का? ह्या फायली म्हणजे डेटाबेसची रोजकीर्द. पुसायच्या झाल्या तर त्यालाच सांगून पुसायच्या, हातानं नाही." त्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

दुकानात माणसं ताटकळलेली असताना तुम्ही मला दीड तास नुसतं थांबायला लावलंत. आधी मशीन पूर्ण बंद, सेव्ह करून ठेवलेलं नाही, खरोखर बंद. मग मशीनचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी. मला वाटत होतं, एवढा वेळ कशाला. तुम्ही म्हणालात, पट्टी संध्याकाळी मिळाली तर शेतकरी रागावतील, पण चार वर्षांचा हिशेब गेला तर तुमच्याकडं माल कोण घालील? मी बाहेर जाऊन सगळ्यांना खरं काय ते सांगितलं आणि चहा मागवला. एक आजोबा म्हणाले, "हुईल बाई, आमी बसतो." ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

कॉपी झाल्यावर दोन जुने स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती, सापडले. ते काढा म्हणालात तेव्हा माझे हात थरथरले, कारण मला वाटलं त्यांच्याबरोबर आजचाही डेटा जाणार. तुम्ही समजावलंत की स्नॅपशॉट काढला की फक्त मागं जायची वाट बंद होते, आजची स्थिती मूळ फायलीत मिसळून जागच्या जागी राहते. आणि ते न काढता नुसती मूळ फाइल वाढवली, तर चालू मशीनला ती वाढ दिसणारच नाही. हे कुणाला अडलं तर नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग खरी कमांड. प्रोग्राम फाइल्समधल्या ओरॅकल व्हर्च्युअलबॉक्स फोल्डरात जाऊन व्हीबॉक्समॅनेज, मॉडिफायमीडियम, डिस्क, मग व्हीडीआय फायलीचा (आतल्या मशीनची डिस्क म्हणजे हीच फाइल) पूर्ण पत्ता अवतरण चिन्हांत, शेवटी रिसाइज आणि आकडा. आकडा एमबीमध्ये द्यायचा. ३० जीबीचे ६० करायचे म्हणून ६० गुणिले १०२४, म्हणजे ६१४४०. तुम्ही तो कॅल्क्युलेटरवर माझ्याकडून काढून घेतलात आणि एंटरच्या आधी एकेक अंक मोठ्यानं वाचायला सांगितलंत. वाचताना दिसलं, शेवटी एक शून्य जास्त पडलं होतं. सहाशे जीबी! आमची सगळी डिस्क पाचशेची. या कमांडनं डिस्क वाढते, कमी होत नाही. मी शून्य खोडलं, पुन्हा वाचलं, एंटर दाबलं. शून्य टक्क्यांपासून शंभरपर्यंत आकडे क्षणात सरकले.

मला वाटलं झालं. मशीन सुरू केलं तर जागा होती तेवढीच. तेव्हा तुम्ही आमच्याच यार्डातला दाखला दिलात. शेजारचा गाळा आपल्याला मिळाला, पण मधली भिंत अजून उभी आहे. आणि भिंत पाडली तरी थप्प्या कुठं लावायच्या याच्या खडूच्या खुणा पुढं वाढवल्याशिवाय हमाल तिकडं गुळाचे रवे, म्हणजे ढेपी, ठेवणार नाहीत. डिस्क म्हणजे गाळा, पार्टिशन म्हणजे भिंत, फाइल सिस्टीम म्हणजे त्या खुणा. एवढी सरळ गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती.

भिंतीसाठी ग्रोपार्ट नावाची कमांड. त्यात एसडीए (डिस्कचं नाव) आणि २ (पार्टिशनचा नंबर) यांच्यामध्ये जागा सोडायची. ते चालेना, कारण त्याला टेम्प फोल्डरात थोडं लिहायचं असतं आणि तिथं एक अक्षर मावत नव्हतं. तुम्ही फोनवर गप्प झालात आणि माझा जीव वर गेला. मग म्हणालात, टेम्पवर टीएमपीएफएस माउंट करू, म्हणजे डिस्कऐवजी रॅममधनंच त्याला दहा एमबी जागा देऊ. दिले, आणि ग्रोपार्ट चाललं. खुणांसाठी रिसाइजटूएफएस ही कमांड, इथं मात्र एसडीए२ जोडून लिहायचं. मशीन चालू असतानाच ईएक्सटी४ ही आमची फाइल सिस्टीम वाढली. किती जागा भरली ते दाखवणाऱ्या डीएफ -एच कमांडमध्ये १०० टक्क्यांचे ५० झाले आणि मी दुकानातच ओरडले.

पहिली पट्टी आजोबांची काढली. दीड वाजला होता आणि तुम्ही अजून फोनवर होता, जेवला नव्हता.

खरं तर तुम्ही माझा स्क्रीन तुमच्याकडं घेऊन पंधरा मिनिटांत हे उरकू शकला असता. घेतला नाहीत. प्रत्येक अक्षर माझ्याकडून टाइप करून घेतलंत, का ते सांगितलंत, आणि एकदाही आवाज चढवला नाहीत. आजवर मला मशीन दुरुस्त करून देणारे भेटले, शिकवून जाणारं कुणी भेटलं नव्हतं.

संध्याकाळी परत फोन केलात, तोही मी न सांगता. म्हणालात, जागा वाढवणं हा अर्धा इलाज, ती कशानं भरली ते शोधायचं राहिलंय. काटापावतीचे फोटो आम्ही डेटाबेसमध्येच टाकतो, त्यामुळं बिनलॉग महिनाभर साठून डिस्क खात होते. ते तीस दिवसांवरून सातवर आणले, सेटिंगमध्ये ६०४८०० सेकंद. आता दर सोमवारी मी डीएफ बघते आणि आकडा वहीत लिहिते. मामंजी त्या वहीवर सही करतात.

गडहिंग्लजला तुमच्या आईंकडं एक किलोचा गुळाचा रवा पोचवलाय, यंदाच्या पहिल्या घाण्याचा. त्यांनी घेतला, आता तुम्ही नको म्हणू शकत नाही.

एक विचारायचं राहिलं. त्या सकाळची कॉपी अजून बाहेरच्या डिस्कवर तशीच आहे, तारीख लिहून. पुसायला हात होत नाही. पुसू का ठेवू, तेवढं कळवा.

तुमची,
मार्केट यार्डातली वहिनी