कंट्रोल-सी दाबल्यावर काय होते, हेही शिकवावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत बरीच वर्षे सी भाषेची प्रात्यक्षिके घेत असल्यामुळे एका उणिवेकडे लक्ष वेधावेसे वाटते. कीबोर्डवरून माहिती वाचायला आपण पहिल्याच आठवड्यात शिकवतो. ती वाचत असताना कोणी कंट्रोल-सी (आज्ञा टाइप करायच्या टर्मिनल खिडकीत चालू प्रोग्रॅम थांबवणारी कळजोडी) दाबले तर काय, हे मात्र बहुतेक वेळा राहूनच जाते.

गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने तापमानाच्या नोंदी फाइलमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम लिहिला. चाळीसेक नोंदी भरून तिने कंट्रोल-सी दाबले आणि फाइल उघडली, तर ती कोरी! लिनक्सवर ही कळ दाबताच टर्मिनलकडून प्रोग्रॅमला सिगइंट हा 2 क्रमांकाचा सिग्नल (व्यत्ययाची सूचना) जातो, आणि त्याची वेगळी सोय केलेली नसेल तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे संपतो. बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठलेला मजकूर फाइलपर्यंत पोहोचतच नाही.

मग तिने नोट्समधले उदाहरण पाहून सिग्नल याच नावाचे फंक्शन वापरले आणि हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एका फ्लॅगची, म्हणजे खुणेच्या व्हेरिएबलची, किंमत 1 केली. आता कंट्रोल-सी कितीही वेळा दाबा, प्रोग्रॅम ढिम्म. एंटर दाबले तेव्हा कुठे थांबला. चूक तिची नव्हती. लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत सिग्नल फंक्शनने जोडलेला हँडलर आटोपला की अडलेले रीड (प्रत्यक्ष वाचन करणारे फंक्शन) आपोआप पुन्हा सुरू होते, त्यामुळे त्यावर विसंबलेले, ओळ वाचणारे एफगेट्स वाट पाहत बसते आणि फ्लॅग तपासणाऱ्या ओळीची पाळी येत नाही. त्याऐवजी सिगॲक्शन हे फंक्शन वापरून एसए-रीस्टार्ट (पुन्हा सुरू करण्याचा पर्याय) न लावल्यास रीड ईइंटर (कामात व्यत्यय आला) ही त्रुटी देऊन परतते व एफगेट्सकडून नल (ओळ मिळाली नाही अशी खूण) मिळतो. कंट्रोल-डी (इनपुट संपल्याचे कळवणारी कळजोडी) दाबल्यावरही नलच मिळत असल्याने फ्लॅग आणि एफईओएफ (इनपुट संपले का ते सांगणारे फंक्शन) दोन्ही तपासावे लागतात, मग एफक्लोजने फाइल बंद करून बाहेर पडता येते.

हँडलरमध्ये प्रिंटएफ (पडद्यावर मजकूर छापणारे फंक्शन) लिहिण्याची सवय तर मोडायलाच हवी, कारण मूळ प्रोग्रॅम प्रिंटएफच्या मध्यावर असतानाच सिग्नल आला तर सगळेच अडकू शकते. तिथे व्होलाटाइल सिग-ॲटॉमिक-टी प्रकारचा (हँडलरमधून सुरक्षितपणे बदलता येणारा) फ्लॅग बदलावा, एवढेच पुरे. (फ्लॅग तपासून झाल्यावर आणि रीड सुरू होण्याआधी सिग्नल आला तर तो हुकतो, त्यावर पीसिलेक्ट या फंक्शनचा उपाय आहे, पण तो शेवटच्या वर्षासाठी ठेवावा.)

अभ्यास मंडळांनी फाइल हाताळणीच्या प्रात्यक्षिकातच यासाठी एक तास राखावा आणि नोट्समधले ते जुने उदाहरण बदलावे, ही विनंती.

आपला,
सी भाषेचा एक शिक्षक