‘मघाशी कुठे होता?’ विचारणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

कमर्शियल पायलटचं लायसन्स हातात आलं. पहिलं पत्र तुम्हालाच लिहायचं हे केव्हाच ठरलं होतं. उडायला शिकणाऱ्या इतरांनीही वाचावं म्हणून ते असं उघड लिहितेय.

सेसना १५२ या दोन आसनी शिकाऊ विमानातला पहिला दिवस आठवतो. इंजिन सुरू झाल्याबरोबर मी बाहेर बघायला लागले आणि तुम्ही बोट ठेवलंत ते ऑइल प्रेशरच्या काट्यावर. ३० सेकंदांत तो वर आला नाही तर इंजिन बंद, बाकी चर्चा नंतर. मग हवेत दर दहा मिनिटांनी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), ऑइल प्रेशर, ऑइल टेंपरेचर मांडीवरच्या पॅडवर लिहायचं. ‘काटा हिरव्या पट्ट्यात आहे, सर,’ म्हणजे सगळं ठीक, असं म्हटलं की तुमचा ठरलेला प्रश्न, ‘ते दिसतंय गं. मघाशी कुठे होता?’ खरं सांगते, तेव्हा राग यायचा.

सप्टेंबरातली ती सकाळ. एकटीच क्रॉसकंट्रीला, म्हणजे लांबच्या उड्डाणाला, निघाले होते. रात्री पाऊस पडून गेलेला, हवा दमट. पॅडवर २४०० आरपीएम लिहिलेलं आणि पुढच्या नोंदीला काटा २३००वर. इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलला मी हात लावला नव्हता, उंचीही तीच होती. २३०० हिरव्यातच येतं, सर. मागचा आकडा समोर नसता तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

कार्ब हीट ओढली, म्हणजे कार्बोरेटरमध्ये (जिथे इंधन हवेत मिसळतं) गरम हवा सोडणारा नॉब. काटा आणखी पडला, इंजिन खडखडायला लागलं. नॉब परत आत ढकलावा असं फार वाटलं. पण तुम्ही फळ्यावर कार्बोरेटरचा अरुंद गळा काढून दाखवला होता: तिथे हवेचा दाब उतरतो, इंधनाची वाफ होते, त्याने हवा गार पडते आणि बाहेर २५ अंश असले तरी आत बर्फ धरू शकतो. तो वितळला की पाणी इंजिनातून जातं, म्हणून आधी बिघडेल, मग सुधारेल. महाराष्ट्रात बर्फ, यावर वर्गात कुणाचाच विश्वास बसला नव्हता. मी हात तसाच ठेवून थांबले. हळूहळू आवाज एकसारखा झाला, काटा चढू लागला. नॉब आत टाकल्यावर पुन्हा २४००.

उतरल्यावर तुम्ही आधी पॅड मागितलंत. सगळ्या नोंदी वाचल्यात, २३००खाली पेन्सिलीने रेघ मारलीत आणि मग पाठीवर हात ठेवलात. तो कागद माझ्या लॉगबुकात आहे.

सर, मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी