बाबा, तारा तापत नाही

केप टाउन, 12 एप्रिल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तारा उजळला म्हणजे तापला असणार ना?" तेवढ्यात आईने सुरमईचे भाव काढले आणि उत्तर राहिलं. तर, उलट आहे. तो निवतो.

मी ज्या रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या मागे आहे ते सूर्याच्या लाखो पट तेजस्वी. शांत असताना त्यांचा पृष्ठभाग पंधरा-वीस हजार अंशांच्याही वर तापलेला असतो आणि बराचसा प्रकाश अतिनील असतो, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या हिशेबी वायाच. मग काही वर्षांत तारा फुगतो, पृष्ठभाग आठेक हजार अंशांवर येतो. आतून येणारी ऊर्जा जवळपास तेवढीच, पण आता ती दिसणाऱ्या रंगांत बाहेर पडते. आपण म्हणतो, उजळला! आई, पुरी टम्म फुगली म्हणून कणीक वाढते का? तसंच.

या ताऱ्यांचा स्वतःचाच प्रकाश बाहेरच्या थरांना इतका रेटतो की गुरुत्वाकर्षण त्यांना जेमतेम धरून ठेवतं.

टेबलासमोर मी एकाच ताऱ्याचे दोन वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांनुसार उलगडून काढलेले आलेख, चिकटवलेत. त्यातल्या रेषा म्हणजे एकेका मूलद्रव्याची खूण. शांत काळातल्यात हेलियमच्या रेषा ठसठशीत. उजळलेल्यात त्या जवळजवळ पुसल्या गेल्यात आणि लोखंडाच्या रेषांची गर्दी झालीय. नाव माहीत नसतं तर दोन वेगळे तारे म्हटले असते. हायड्रोजनच्या रेषेला मात्र दोन्ही वर्णपटांत उंच शेंडा आणि त्याच्या डावीकडे खाच. ती खाच म्हणजे ताऱ्यावरून सुटून आपल्या दिशेने येणारा वायू. मला तीच सगळ्यात आवडते.

यांच्यातलाच दांडगा भाऊ म्हणजे ईटा कॅरिने. 16 डिसेंबर 1837 ला खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना तो इथूनच, केपमधून, एकाएकी प्रखर झालेला दिसला. त्यांच्या दुर्बिणीच्या जागेवरचा दगडी स्तंभ आता एका शाळेच्या आवारात आहे. मी गेले तेव्हा मधली सुट्टी होती, पोरं त्याच्याभोवती पकडापकडी खेळत होती. 1843 मध्ये तर आकाशात व्याधाखालोखाल हाच, साडेसात हजार प्रकाशवर्षं लांब असूनही! इथे मात्र पुरीचा दाखला चालत नाही. एकूण ऊर्जाच वाढली होती, आणि दहा सूर्यांहून जास्त वस्तुमान बाहेर फेकलं गेलं. कढईतलं तेलच उडालं म्हणा.

वेंगुर्ल्याहूनही तो दिसतो. या आठवड्यात रात्री पावणेदहाच्या सुमारास, दक्षिणेला. तुम्हीच मला दाखवलेल्या त्रिशंकूच्या उजवीकडे, क्षितिजापासून दीड मुठीवर. आता अंधूक आहे, दुर्बीण घ्या.

पण गच्चीवर एकटे जाऊ नका. आई, तू बॅटरी धर. जिन्यातला बल्ब गणपतीपासून गेलाय, तो आधी बदला.

तुमची,
मनू