पवित्र भूमीच्या सहली जरा सैल करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वसईपासून भायखळ्यापर्यंत चर्चच्या सूचनाफलकांवर ‘पवित्र भूमी : दहा दिवस, तीन देश’ अशी पत्रकं लागतात. सोबत एखाद्या निवृत्त पाळकाचा किंवा फादरचा फोटो असतो, कारण गट त्याच्या नावावर जमतो. माझ्या या सहसेवकांना आणि टूरवाल्यांना एक विनंती आहे : ठिकाणं निम्मी करा.

सकाळी नासरेथ, दुपारी काना, ऊन उतरायच्या आत कफर्णहूम, असा कार्यक्रम पत्रकावर भरगच्च दिसतो. घरी आल्यावर मात्र मोबाइलमधली मोझेकची फरशी ताबघाची की बेथलेहेमची, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यावर उपाय साधा आहे. बसमधून उतरल्यावर पहिला फोटो पाटीचा, मग माणसांचा. आत गेल्यावर त्या जागेच्या बायबलमधल्या पाच-सहा ओव्या मराठीतून एकाने मोठ्याने वाचाव्यात, अख्खा अध्याय नको. मग दहा मिनिटं गाइडसकट सगळ्यांनी गप्प बसावं. रात्री जेवणाआधी वहीत चार ओळी लिहून काढाव्यात. दुसऱ्या दिवशीवर टाकलं की दोन्ही दिवस एकमेकांत मिसळतात. एवढं नीट करायचं तर दिवसाला दोनच ठिकाणं होतात, फार तर तीन.

सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो यरुशलेममधल्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये. रविवार-शाळेच्या चित्रातली हिरवी टेकडी डोक्यात असते आणि समोर येतं धुपाने भरलेलं, अंधारं, ढकलाढकलीचं चर्च. परतताना बसमध्ये कुजबुज सुरू होते, ‘हीच का ती जागा?’ याचं उत्तर मुंबईतच, निघण्याआधीच्या बैठकीत देऊन ठेवावं. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कारागिरांनी कबरेभोवतीचा खडक तासून काढला आणि ३३५ मध्ये चर्चचं समर्पण झालं. १००९ मध्ये खलीफा अल-हाकिमच्या हुकमाने ते पाडलं गेलं. आज कबरेवर दिसते ती छोटी वास्तू १८०८ च्या आगीनंतर १८१० मध्ये उभी राहिली. टेकडी राहणार कुठून? कालवरी, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं ती जागा, आत शिरताच उजव्या हाताला, उंच आणि अरुंद दगडी जिन्यावर आहे. गुडघे धरलेल्यांनी खालीच थांबलं तरी चालतं, कारण तो खडक खालच्या आदामाच्या चॅपेलमध्ये काचेआडून दिसतो. कबरेच्या रांगेत गर्दीच्या दिवशी दोन तासही जातात. पहाटे गेलेलं बरं.

या चर्चमध्ये सहा पंथांचे हक्क आहेत. कोणी कुठे दिवा लावायचा, कोणी कुठे झाडायचं, हे उस्मानी काळापासून ठरलेलं आहे आणि १८५२ च्या फर्मानाने ते पक्कं झालं. दाराची किल्ली दोन मुस्लिम घराण्यांकडे असते. दर्शनी भिंतीवरची लाकडी शिडी सगळ्यांच्या संमतीशिवाय हलवता येत नाही, म्हणून ती तिथेच आहे. आपल्याकडच्या ट्रस्टींच्या कोर्टकचेऱ्यांना कंटाळलेल्यांना हे पाहून धीर येतो की खचायला होतं, हे ज्याचं त्याने पाहावं.

आपल्या प्रोटेस्टंट गटांना यरुशलेमच्या दमास्कस दरवाजाबाहेरची बाग-कबर जवळची वाटते. झाडं आहेत, बाकं आहेत, प्रभुभोजनाची सोय आहे. वेळ आधी ठरवावी लागते आणि रविवारी ती एरवीच्या भेटींसाठी बंद असते. पण तीच खरी कबर असं सांगू नये. ती येशूच्या कितीतरी शतकं आधी खोदलेली आहे, असं पुरातत्त्वज्ञांचं मत आहे. यार्देनच्या बाप्तिस्म्याची जागा, अम्माऊस, शेवटच्या भोजनाची माडीवरची खोली, सगळीकडे जागेबद्दल अशीच शंका आहे. पाळकाने हे लपवलं की गाइड सांगतो, आणि मग अविश्वास पाळकावर येतो.

गालील समुद्रावर नावाडी ध्वजवंदन आणि नाचगाणी करायला लावतात. त्याला आधीच सांगून मधोमध इंजिन बंद करायला लावा. गिनोसरच्या संग्रहालयात १९८६ मध्ये चिखलातून काढलेली पहिल्या शतकाची होडी आहे, ८.२७ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद. गटात कोळीवाड्यातलं कोणी असेल तर त्याला पुढे करा. फळ्यांचे सांधे, लाकडी खुंट्या, जागोजागी लावलेली वेगवेगळ्या लाकडांची ठिगळं तो गाइडपेक्षा चांगली समजावतो. खरेदीच्या दुकानातला तास वाचवून लोद किंवा अश्दोदला बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून तिकडे गेलेल्या ज्यू मंडळींकडे जाता आलं तर जरूर जा. तिथल्या ज्येष्ठांच्या तोंडी अजून कोकणातलं मराठी आहे.

आता शरीराचं. यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली, यरुशलेम ७५० मीटरच्या वर. बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतला हा चढ बस तासाभरात चढते. कानांत दडे बसतात, रक्तदाबवाल्यांना गरगरतं. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, बसच्या पोटातल्या बॅगेत नव्हे. जुन्या शहरातले दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो, म्हणून रबरी तळाचे बूट हवेत. जानेवारीत पारा सहा-सात अंशांवर उतरतो. मुंबईच्या स्वेटरने भागत नाही. मृत समुद्रात दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पाठीवर तरंगावं, आणि त्या दिवशी सकाळी दाढी करू नये.

विमा घेताना आधीचे आजार लिहून द्या आणि युद्धाचं कलम वाचा. बहुतेक विम्यांतून युद्ध वगळलेलं असतं. पैसे भरण्याआधी परराष्ट्र खात्याची सूचना पाहा आणि सहल रद्द झाल्यास किती परत मिळेल, हे टूरवाल्याकडून लिहून घ्या.

यार्देनचं पाणी आणायचं तर बाटली चेक-इन बॅगेत, झाकणावर चिकटपट्टी लावून. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वरची बाटली बऱ्याच विमानतळांवर काढून घेतात. ते पाणी पिऊ नये, नदीच्या खालच्या पात्रात सांडपाणी येतं. माती तर आणूच नका. परदेशी माती परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पाळक, भायखळा, मुंबई