हिमनदी आटली म्हणून ती सहल वगळू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत आल्प्समधील सहलींविषयी नुकताच जो लेख आला, त्यात फ्रान्समधील शामोनी गावाहून सुटणाऱ्या माँतेनव्हेर रेल्वेची बोळवण 'आता तिथे फारसा बर्फ उरलेला नाही' एवढ्या एका वाक्यात केलेली आहे. ते विधान खोटे नाही. मात्र त्यावरून वाचकांनी ही सहल वगळावी असा जो सल्ला दिला आहे, तो मला मान्य नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये आम्ही उभयता या गाडीने गेलो होतो. अवघ्या पाच किलोमीटरच्या वाटेत ही गाडी सुमारे 870 मीटर चढून 1913 मीटर उंचीवरील माँतेनव्हेरला पोहोचते. इतका चढ नुसत्या चाकांच्या पकडीवर झेपणारा नसल्यामुळे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि गाडीखालचे दातेरी चाक तिच्यात अडकत गाडीला वर नेते. माथेरानच्या गाडीला अशी पट्टी नाही, म्हणून याहून कमी चढासाठी तिला नेरळपासून वीसेक किलोमीटर वळणे घ्यावी लागतात. माथेरानची गाडी 1907 सालची आणि ही 1909 सालची, म्हणजे दोघी जवळपास एका वयाच्या आहेत, याचे मला प्रवासभर कौतुक वाटत होते.

वर उतरल्यावर समोर दिसते ती 'मेर द ग्लास' ही हिमनदी; नावाचा अर्थ बर्फाचा समुद्र. पहिल्या नजरेत निराशा होते हे कबूल केले पाहिजे, कारण खोल दरीच्या तळाशी दगडगोट्यांनी झाकलेला एक करडा पट्टा तेवढा दिसतो. पण आम्ही गेलो तेव्हा तारेवरून जाणाऱ्या पाळण्याने खाली उतरून पुढे पाचशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागत होत्या आणि पाहण्यासारखे जे होते ते त्या पायऱ्यांवरच होते. हिमनदीचा पृष्ठभाग कोणत्या वर्षी कुठवर होता, हे सांगणाऱ्या पाट्या वाटेवर लावलेल्या होत्या. 1990 च्या पाटीपाशी मी थांबले. त्या वर्षी माझा मुलगा दुसरीत होता. तिथून खाली 2001, मग 2010, मग 2015, आणि त्याच्याही बऱ्याच खाली खरा बर्फ. हा पाळणा 1988 मध्ये बसवला तेव्हा बर्फापर्यंत जेमतेम तीन-चार पायऱ्या होत्या. पुढे 2024 मध्ये दरीच्या वरच्या अंगाला नवा पाळणा सुरू करावा लागला. तापमानवाढीची आकडेवारी मी वर्तमानपत्रांतून अनेकदा वाचली होती, पण ती पायांना जाणवली ती इथे.

खाली बर्फात कोरलेली गुहा आहे. हिमनदी सतत खाली सरकत असल्यामुळे ती दरवर्षी नव्याने कोरावी लागते. हिमनदी ही खरोखरच नदी आहे, साठलेला बर्फ नव्हे, हे आपल्याकडील प्रवासवर्णनांत क्वचितच सांगितले जाते.

याच खोऱ्यातील बोसाँ हिमनदीशी तर आपला थेट संबंध आहे. 24 जानेवारी 1966 रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान माँ ब्लाँ शिखराच्या माथ्याजवळ आदळले आणि डॉ. होमी भाभा यांच्यासह 117 जणांचा अंत झाला. वर बर्फात गाडले गेलेले त्या विमानाचे अवशेष हिमनदीने कित्येक दशके वाहून खाली आणले. 2012 मध्ये भारत सरकारच्या टपालाची थैली सापडली आणि 2020 मध्ये, इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याची बातमी असलेली त्या वेळची भारतीय वर्तमानपत्रे. शामोनीच्या रस्त्यावरून ती हिमनदी सहज दिसते, तरी आमच्याबरोबरच्या सहप्रवाशांपैकी एकालाही याची कल्पना नव्हती.

जिनिव्हाहून एका दिवसात ही सहल आरामात होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी माझ्या यजमानांप्रमाणे वरच्या स्थानकाबाहेर बसून राहिले तरी दरी पुरती दिसते. पुरवणीच्या पुढील अंकात या पाट्यांविषयी आणि बोसाँविषयी चार ओळी छापाव्यात, ही आपणास विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली